वॉर्डातली नोंद: कागदी तक्ता की टॅब?

फोंड्यातल्या एका छोट्या नर्सिंग होमच्या इन्चार्ज सिस्टरनी विचारलं, कागदावरच राहू की टॅब घेऊ? 'पेपरलेस'ची जाहिरातबाजी बाजूला ठेवून सांगते.

खर्चात कागद जिंकतो, वादच नाही. टॅबमागे सॉफ्टवेअरची वर्गणी, वाय-फाय, इन्व्हर्टर आणि शिकवण्याचा वेळ येतो.

बीपी-नाडी टिपायलाही कागद झटपट. तक्ता पलंगाच्या पायथ्याशी, ठिपका मारला की झालं. पण तेच आकडे टॅबवर भरले की न्यूज-२ चा, म्हणजे पेशंटची तब्येत बिघडतेय का ते वेळीच दाखवणाऱ्या गुणपद्धतीचा, गुण आपोआप निघतो: श्वास, ऑक्सिजन (वरून लावलाय का, तेही), रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप. बेरीज ५ किंवा जास्त, तर डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. पहाटे तीनला हातानं बेरीज करताना चूक होतेच हो.

औषधांत डॉक्टरांचं अक्षर लावत बसण्यापेक्षा टॅब बरा, अ‍ॅलर्जीचा इशाराही देतो. मात्र ऊठसूट इशारे आले की सगळे न वाचताच बंद करतात, हे विक्रेता सांगणार नाही. कालची नोंद आज तशीच चिकटवायचा मोहही टॅबवरच.

पावसाळ्यात वीज गेली की टॅब रुसतो. दमट कपाटात फायलींना बुरशी लागते. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) पेशंट हलवताना झेरॉक्स काढण्यापेक्षा एक प्रिंट सोपी.

खाटा मोजक्या आणि पेशंट एक-दोन दिवसांचे असतील तर कागद ठेवा, तक्ता मात्र न्यूज-२ चाच छापून घ्या. गंभीर पेशंट आणि रात्रपाळीला एकच सिस्टर असेल, तर टॅब. वीज गेल्यावर वापरायला कोरे तक्ते ड्रॉवरमध्ये हवेतच.