पॉवर स्टिअरिंग: तेलाचं की विजेचं?

पणजीत फोंतेन्यासच्या गल्लीत गाडी वळवायची तर हलकं स्टिअरिंग हवंच. प्रश्न एवढाच, की जोर कोण लावतं?

हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे तेलाच्या पद्धतीत, इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप तेलाला दाब देतो. स्टिअरिंग वळवलं की आतली बारीक दांडी किंचित पिळली जाते, व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल रॅकमधल्या, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दात्यांच्या दांड्यावरच्या, पिस्टनला ढकलतं. १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलपासून ही पद्धत बाजारात आहे. खोट अशी, की गाडी नाकासमोर चालली तरी पंप फिरतच राहतो आणि पेट्रोल खातो. शिवाय तेलाच्या नळ्या (होज) गळतात. आमच्या जुन्या गाडीचा बेल्ट तर पावसाळ्यात भिजला की असा किंचाळायचा, की शेजारी खिडकीत यायचे!

इलेक्ट्रिकमध्ये तेलच नाही. दांडीचा पीळ सेन्सर मोजतो आणि मोटर लागेल तेवढाच जोर लावते. पार्किंगला जास्त, वेगात कमी. सुरुवात १९८८ च्या सुझुकी सर्व्होपासून. बिघडलं तर मात्र नुसतं तेल ओतून भागत नाही.

चोर्ला घाटात रस्ता कसा आहे हे हाताला सांगतं ते हायड्रॉलिकच. तरी म्हापशाच्या बाजारात रोज गाडी लावणाऱ्याने इलेक्ट्रिकच घ्यावं.