टेनिस सोडून वेलनेस कोच झालेल्या बाईंकडे सहा महिने: बाकी ठीक, पण त्या २५ सेकंदांचं काय?

नूतनीकरणाची आठवण तिसऱ्यांदा आली, म्हणून आता लिहूनच टाकतो. पॅकेजमध्ये काय येतं ते माहितीपत्रकात आहेच: आठवड्याला अ‍ॅपवर ताकदीचे तीन वर्ग, श्वसनाचे दोन, आणि कोचबाईंशी अर्ध्या तासाचा एक कॉल. पैसे सहा महिन्यांचे आगाऊ घेतात, त्यामुळे सगळं पिळून वापरलं आहे.

तक्रार एकच, पण ती सगळीकडे घुसलेली आहे. अ‍ॅपचा टायमर. व्यायाम कुठलाही असो, दोन सेटच्या मध्ये २५ सेकंद. बदलायची सोयच नाही.

टेनिस बघणाऱ्याला हा आकडा लगेच ओळखू येईल. दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९०, सामन्यातला सेट संपला की १२०. उभं आयुष्य त्या घड्याळावर गेलं की माणूस सगळ्या जगाला तेच लावतो.

आणि गंमत म्हणजे श्वसनाच्या वर्गात हेच २५ सेकंद या पॅकेजमधली सगळ्यात चांगली गोष्ट ठरतात. मूळ कल्पना क्रीडा मानसशास्त्रज्ञ जिम लेअर यांची. चांगले खेळाडू दोन पॉइंटच्या मध्ये नेमकं काय करतात हे बघून त्यांनी १६ सेकंदांचा, चार टप्प्यांचा क्रम बसवला: झाल्या पॉइंटला शरीराने खंबीर प्रतिसाद, मग सैलावणं, मग पुढचं ठरवणं, आणि शेवटी ठरलेली लकब, म्हणजे चेंडू आपटणं वगैरे. बाईंनी ते टेबलाशी बसणाऱ्यांसाठी उतरवलंय. वादाचा फोन ठेवला की स्क्रीनकडे पाठ करायची, हातातली वस्तू दुसऱ्या हातात घ्यायची (खेळाडू रॅकेट घेतात तशी), नजर जवळच्या एका वस्तूवर. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. असे दोन श्वास, म्हणजे २० सेकंद. उरलेल्या पाचात पुढचं एकच काम ठरवायचं, दोन नाही. लोक चुकतात ते इथे: श्वास आत घेण्यावर जोर देतात आणि खांदे कानापर्यंत नेतात. जोर बाहेर सोडण्यावर हवा, खांदे खाली. हा भाग पाच पैकी पाच.

आता तेच घड्याळ स्प्लिट स्क्वॉटला (एक पाय पुढे, एक मागे ठेवून काढायची बैठक) लावा. टेनिसमध्ये बरेचसे पॉइंट दहा सेकंदांच्या आत संपतात. पाच सेकंद खेळ आणि २५ सेकंद विश्रांती, म्हणजे एकास पाच. वजन घेऊन एका पायावर आठ रेप्स (आवर्तनं) सावकाश केल्या की ४० सेकंद जातात. एकास पाच ठेवायचं तर २०० सेकंद हवेत, आणि जड सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं थांबा असं ताकदीचं प्रशिक्षण देणारे सांगतात ते याच्याच आसपास. स्नायूतला फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या द्रव्याचा, साठा अर्धा भरायलाच साधारण अर्धा मिनिट लागतो. त्यामुळे २५ सेकंदांवर आठाचा पहिला सेट, सहाचा दुसरा आणि चाराचा तिसरा होतो. धाप लागते, घाम येतो, ‘भारी वर्कआउट’ वाटतं. पायातली ताकद मात्र जिथल्या तिथे.

यावर उपाय म्हणून ‘विराम’ दाबलं तर अ‍ॅप वर्ग अपूर्ण धरतं आणि आठवड्याची सलग नोंद तुटते. तक्रारीला चार दिवसांनी छापील उत्तर आलं: तीव्रता टिकवण्यासाठी अशी रचना आहे. इथपर्यंतचं परीक्षण लिहिलं असतं तर दोनच तारे दिले असते.

मत बदललं ते टाचेमुळे. चौदाव्या आठवड्यात स्प्लिट स्टेपचा (प्रतिस्पर्ध्याच्या फटक्याआधी टेनिसपटू मारतात ती छोटी उडी) सराव आला: ६० उड्यांचे तीन सेट, तेही एकदम, आधी हळूहळू वाढवत नेणं नाही. दोन आठवड्यांत घोट्याच्या मागे, टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर, सकाळी उठल्यावर पहिली पावलं कडक. चूक कार्यक्रमाचीच. स्नायू महिन्याभरात जुळवून घेतो, स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तितका चपळ नसतो.

पण कॉलवर बाईंनी जे केलं ते पाहून वाटलं, हा माणूस ही वाट स्वतः चाललेला आहे. ‘आराम करा’ असं मोघम सांगितलं नाही. आधी खबरदारीचे दोन प्रश्न: मागून कुणी लाथ मारल्यासारखा फटका बसला होता का, आणि एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येतं का. पहिल्याचं ‘हो’ किंवा दुसऱ्याचं ‘नाही’ असेल तर कॉल तिथेच बंद, थेट डॉक्टर. तसं नसलं तरी फिजिओथेरपिस्टने एकदा हात लावून बघावं, निदान करणं माझं काम नव्हे, हेही स्पष्ट सांगितलं. मग दुखण्याला दहापैकी आकडा. व्यायामात पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर यायला हवं. नाही आलं तर व्यायामातला भार कमी करायचा, व्यायाम बंद करायचा नाही.

पहिले दहा दिवस टाचा उचलून ४५ सेकंद धरून ठेवणं, पाच वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटं. काहींचं दुखणं याने लगेच उतरतं, काहींचं नाही. मग स्वीडनचे डॉक्टर होकान आल्फ्रेडसन यांचा १९९८ पासून प्रसिद्ध असलेला क्रम: पायरीच्या कडेवर चवडे, दोन्ही पायांनी वर, दुखऱ्या एकट्या पायाने सावकाश खाली. गुडघा ताठ ठेवून १५ चे तीन सेट, गुडघा वाकवून १५ चे तीन. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. दिवसाला १८० रेप्स, कंटाळ्याचा कळस. बहुतेक लोक वाकवलेल्या गुडघ्याचा अर्धा भाग गुपचूप गाळतात. तो पोटरीच्या आतल्या सोलियस या स्नायूवर भार आणण्यासाठी असतो. दुखेनासं झालं की पाठपिशवीत वजन वाढवत जायचं. आणि दुखणं अगदी टाचेच्या हाडाशी असेल तर पायरीच्या खाली टाच न्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं. ही शेवटची सूचना इंटरनेटवरचे निम्मे व्हिडिओ देत नाहीत.

आणि मग अ‍ॅपवर बघतो तर काय, दोन मिनिटांचा मध्यंतर टाकायला जागाच नाही. बाईंनी स्वतः कॉलवर प्रयत्न केला, त्यांनाही जमेना. पुढच्या अपडेटमध्ये पर्याय वाढला: ९० सेकंद. बाजू बदलण्याचा वेळ! टेनिस काही सुटत नाही.

बाकीचं थोडक्यात. रबरी पट्ट्या दाराच्या अडकणीपाशी आधी चिरतात. महिन्यातून एकदा ताणून उजेडासमोर धरा, आडव्या बारीक भेगा दिसल्या की टाकून द्या, तुटलेली पट्टी डोळ्यावर येते. रंगांवर भरवसा नको, प्रत्येक कंपनीचा वेगळा. ताण किती हे पट्टी मूळ लांबीच्या किती पट ओढली यावर ठरतं, म्हणून उभं राहायच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. खांद्याच्या बाह्य फिरकीला (कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर फिरवणं) कोपर आणि बरगडीमध्ये टॉवेलची गुंडाळी धरा. ती पडली की समजा खांदा फसवतोय. नाडीचे टप्पे अ‍ॅप २२० वजा वय या सूत्राने काढतं. त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, तेव्हा व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येतं का एवढंच बघा. आहाराचा विभाग मी सोडून दिला: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा हिशोब लांबलचक सामन्याचा आहे, चाळीस मिनिटांच्या वर्गाला त्याची गरज नाही.

कोच निवडताना टेनिसमधली क्रमवारी विचारू नका, प्रशिक्षणाचे तास विचारा. आयसीएफ या कोचिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या एसीसी या प्रमाणपत्राच्या पहिल्या पातळीलाच ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं.

शेवटची चीड पैशांची. दुखापतीसाठी १४ दिवसांचा विराम मिळतो, पण त्या काळातले दोन कॉल बुडीत. मुदत पुढे सरकत नाही. एटीपीच्या (पुरुष टेनिसपटूंची संघटना) नियमांत सहा महिने किंवा जास्त काळ जायबंदी झालेल्या खेळाडूला संरक्षित क्रमवारी मिळते, म्हणजे परतल्यावर दुखापतीच्या वेळच्या क्रमवारीवर स्पर्धेत प्रवेश. तशी सोय ज्या खेळात आहे, तिथून आलेल्या माणसाने दोन कॉल खाऊन टाकावेत? लेखी विचारलं, उत्तर आलं नाही. कॉलवर विचारलं, तेव्हा एक कॉल परत मिळाला. दुसऱ्याचा पाठपुरावा सुरू आहे.

नूतनीकरण फक्त कॉलचं केलं, महिन्यातून दोन. अ‍ॅप काढून टाकलं. सेटमधल्या विश्रांतीसाठी फोनमधला साधा टायमर तीन मिनिटांवर लावलाय.