परवानगीच्या झेरॉक्सवर आम्ही घराचा पाया काढला

मंगळवार पेठेतलं आमचं घर सासऱ्यांच्या काळातलं. मातीच्या भिंती, वर खापऱ्या. 2021 च्या जुलैतल्या पावसात मागची भिंत फुगली, तेव्हापासून हे म्हणायचे, रिटायर झालो की आधी घर. 2024 च्या दिवाळीनंतर फंडाचे पैसे हातात आले आणि आम्ही पाडकाम काढलं.

ठेकेदार काही परका नव्हता. यांच्या तालमीतल्या मित्राचा मेव्हणा. दोन-तीन घरं बांधलेली दाखवली, आमच्या सोप्यात बसून चहा घेतला. परवानगीचं विचारलं तर म्हणाला, "वैनी, कागदाची काळजी सोडा. मी हाय न्हवं." परवानगीसाठी त्याने 1,35,000 रुपये सांगितले. त्यातले 85,000 रोख, कारण म्हणे "आत द्यायला लागतात". आम्ही दिले. आतबाहेर काही असतं, असं सगळेच बोलतात, म्हणून आम्हाला ते वेगळं वाटलंच नाही. ती चूक माझ्या मनातून जात नाही.

महिन्याभरात त्याने एका पत्राची झेरॉक्स आणून दिली. जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का, सही, सगळं होतं. मी विचारलं, "नकाशा कुठाय?" तर म्हणाला, "तो आर्किटेक्टकडं असतोय." त्या आर्किटेक्टला आम्ही कधी पाहिलं नाही. मूळ कागद मागितला तर "फाइलीला लागतोय, काम संपल्यावर देतो". दुसऱ्या दिवशी आखणी झाली, नारळ फुटला आणि खुदाईला माणसं लागली.

फूटिंग झाली, कॉलम वर आले, जोत्यापर्यंत काम आलं आणि शेजारच्यांनी तक्रार केली. आमची एक बाजू सामाईक बोळात सरकली होती. शेजारी खोटं बोलत नव्हते, आम्ही स्वतः टेप लावून बघितलं. आठवड्याने दारावर नोटीस लागली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966, कलम 54, काम ताबडतोब थांबवा. नोटिशीवर नाव यांचं. ठेकेदाराचं कुठेच नाही. विनापरवाना बांधकामाचा जाब आधी मालकालाच विचारतात, हे मला त्या दिवशी कळलं.

हातात झेरॉक्स धरून मी नगररचना विभागात गेले. तिथल्या ताईंनी जावक क्रमांक काढून बघितला. तो क्रमांक दुसऱ्याच पेठेतल्या, दुसऱ्याच माणसाच्या फाइलीचा होता. आमच्या सिटी सर्व्हे नंबरचा अर्ज आलेलाच नव्हता. म्हणजे "आत" द्यायचे म्हणून नेलेले 85,000 आत गेलेच नव्हते, अर्जसुद्धा नाही. मी तिथल्याच बाकावर बसून राहिले.

पुढचं ऐकून जास्त जीव जळला. आमची जागा 980 चौरस फूट. ओळखीच्या एका इंजिनिअरने सांगितलं की 2020 च्या राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीनंतर 1,500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेला पूर्वीसारखी परवानगीची वाट बघावी लागत नाही. नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या सहीचा नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती जमा करायची, काम नियमात असेल तर भागतं. 3,000 चौरस फुटांपर्यंत परवानगी द्यायला दहा दिवसांची मुदत आहे. म्हणजे ज्या कागदासाठी आम्ही सव्वा लाखाच्या वर मोजले, त्या कागदाची गरजच नव्हती. पुढे आम्ही खरं शुल्क स्वतः भरलं, ते ठेकेदाराने नेलेल्या रकमेच्या निम्मंही नव्हतं.

तोवर परवानगी आणि काम धरून 8,60,000 रुपये गेले होते. इंजिनिअरने झालेल्या कामाचं मोल काढलं, 3,10,000. स्लॅबचे पैसे ठेकेदार जोत्यालाच घेऊन गेला होता, "सळईचा दर वाढतोय, आत्ताच बुक करू" म्हणून. नोटीस आल्यापासून गवंडी फिरकले नाहीत, मग त्याचा फोन बंद.

पोलिस ठाण्यात पहिल्यांदा ऐकवलं, पैशाचा व्यवहार आहे, दिवाणीत जा. मी पत्राची झेरॉक्स आणि जावक क्रमांक आमचा नसल्याचं माहिती अधिकारात मिळालेलं लेखी उत्तर पुढे ठेवलं, तेव्हा बोलणं बदललं. खोटा शिक्का, खोटी सही ही फौजदारी बाब आहे, भारतीय न्याय संहितेत फसवणूक आणि बनावट दस्तऐवज दोन्हींसाठी कलमं आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा. तुमच्यावर असं काही आलं तर आधी तो करा, उत्तराला कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे.

जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच ते दहा लाखांत असल्याने फी 200 रुपये. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणून "तो परत येईल, समजून घेऊ" म्हणत बसू नका. 500 च्या स्टॅम्पवर केलेल्या करारात "परवानगी ठेकेदार आणून देईल" हे एक वाक्य यांनी हट्टाने घालायला लावलं होतं. वकील म्हणतात, तेच आता उपयोगी पडतंय.

पावती तुमच्या नावाची, महापालिकेच्या खात्यात भरलेली, तुमच्या हातात असल्याशिवाय परवानगीचा एक रुपया सोडू नका. आणि कागदावरचा जावक क्रमांक खुदाईच्या आधी स्वतः जाऊन विचारून या, ओळखीचा माणूस असला तरी.

बोळाकडचे दोन कॉलम आम्ही गेल्या महिन्यात फोडून घेतले. शेजारच्या काकू तेव्हा पाणी घेऊन आल्या होत्या. आम्ही अजून भाड्याच्या दोन खोल्यांत आहोत.