कंपाउंड कटिंगसाठी १६ इंची स्क्रोल सॉ: घ्यावं का?

स्क्रोल सॉ म्हणजे वरखाली हलणाऱ्या बारीक ब्लेडने लाकडात वळणदार आकार कापणारं मशीन, आणि कंपाउंड कटिंग म्हणजे एकच ठोकळा दोन बाजूंनी कापून आकार काढणं. लाकडी बुद्धिबळाच्या सोंगट्या आणि छोटे लाकडी प्राणी असे कापायला घेतलंय हे मशीन, त्या कामासाठी पाचपैकी चार स्टार, एक कापला तो टेबलामुळे.

१६ इंच हा आकडा आपल्या कामाचा नाही, ती ब्लेडपासून मागच्या आर्मपर्यंतची (ब्लेड धरणारा दांडा) जागा. आपला ठोकळा दीड इंचाचा, त्यामुळे आर्मखाली किती जाडी जाते ते बघा, इथे २ इंच जाते, भरपूर झाली.

आता टेबल. टेबलाचा कोन दाखवणारा काटा शून्यावर असतो पण गुण्या लावला की ब्लेड तिरकं दिसतं. साधी पट्टी कापताना कळणारही नाही, पण कंपाउंडमध्ये ठोकळ्याच्या शेजारशेजारच्या दोन बाजूंवर डिझाइन चिकटवतो, एक बाजू कापून सगळे तुकडे परत जागच्या जागी बसवून टेप मारतो, मग ९० अंशात फिरवून दुसरी बाजू कापतो, तिथे एवढासा तिरकेपणा पण घोड्याची मान बिघडवतो. म्हणून काट्यावर विसंबू नका. टाकाऊ ठोकळ्याला समोरून हलका काप द्या, मशीन बंद करा, ठोकळा टेबलावरच फिरवून तोच काप ब्लेडच्या मागून लावा, ब्लेड अलगद आत बसलं तर टेबल सरळ.

आवडलं ते म्हणजे पिनवाली (टोकांना आडवी पिन असलेली) आणि बिनपिनची दोन्ही ब्लेड यात बसतात. पिनवाली जाड असतात, बारीक वळणं त्यांना जमतच नाहीत, तेव्हा बिनपिनचीच घ्या, ५ नंबर स्किप टूथ, दातांमध्ये मोकळी जागा असल्याने जाड लाकडातला भुसा बाहेर पडतो. ताण एवढा हवा की ब्लेड छेडलं की टणकन वाजलं पाहिजे. स्पीडच्या बटणाने मशीन पण छान हळू होतं. मशीन मात्र बोल्टने पक्कं करा, नुसतं ठेवलं तर थरथरतं.

आणि ठोकळा अजिबात ढकलू नका प्लीज, जोर दिला की ब्लेड मधे फुगतं आणि काप वाकडा जातो, वर बघून कळत पण नाही. पारदर्शक पॅकिंग टेप पूर्ण ठोकळ्याला गुंडाळा, तुकडे पण धरून राहतात आणि लाकूड जळून काळं पडणं पण कमी होतं. सुरुवातीला शिवण किंवा पाइनचं लाकूड घ्या, शिसम नंतर, त्यात ब्लेड पटकन बोथट होतं, आणि बोथट झालं की आपण नकळत जोर लावतो, त्यामुळे ब्लेड डझनानेच मागवा.