६५ वॅटच्या लॅपटॉपला डेलचा ९० वॅटचा अडॅप्टर

डेलच्या इन्स्पिरॉन १५ या लॅपटॉपसोबत आलेला ६५ वॅटचा अडॅप्टर चालू स्थितीत असतानाही, घरी टेबलावर कायम ठेवण्यासाठी मी त्याच कंपनीचा ९० वॅटचा अडॅप्टर घेतला. दुकानात हा व्यवहार होताना ‘जास्त वॅटने मदरबोर्ड जळतो’ हा इशारा हमखास ऐकू येतो, आणि तो निराधार आहे. अडॅप्टरवरचा वॅटचा आकडा ही त्याची कमाल क्षमता असते. प्रत्यक्षात किती वीज घ्यायची हे लॅपटॉप आपल्या गरजेप्रमाणे ठरवतो. जुळायला हवे ते व्होल्टेज. डेलचे हे दोन्ही अडॅप्टर १९.५ व्होल्टचेच आहेत. फरक आहे तो ६५ वॅटच्या ३.३४ अँपिअर आणि ९० वॅटच्या ४.६२ अँपिअर या कमाल प्रवाहात.

वेगाबाबत मात्र फार अपेक्षा ठेवू नये. यंत्र बंद असताना किंवा नुसते टायपिंग चालू असताना चार्जिंगला पूर्वीइतकाच वेळ लागतो, कारण बॅटरीत किती प्रवाह जाऊ द्यायचा हे लॅपटॉपमधील चार्जिंग सर्किट ठरवते आणि तेवढ्यासाठी ६५ वॅट पुरेसे असतात. बॅटरी लवकर खराब होईल ही भीतीही याच कारणाने उरत नाही. फरक जाणवतो तो जड काम चालू असताना. व्हिडिओचे संपादन करताना लॅपटॉपच ४५ वॅट खात असेल, तर ६५ वॅटच्या अडॅप्टरकडे बॅटरीसाठी जेमतेम २० वॅट उरतात, ९० वॅटच्या अडॅप्टरकडे ४५ उरतात. वीज गेल्यावर बॅटरी संपवून बसलेल्या आणि वीज येताच पुन्हा कामाला लागलेल्या माणसाला हा फरक कागदावरचा वाटणार नाही. दुसरा लाभ तापमानाचा: तेवढेच काम करताना मोठा अडॅप्टर आपल्या क्षमतेच्या बऱ्याच खाली चालतो, त्यामुळे जुन्या अडॅप्टरला हात लावल्यावर जो चटका बसायचा, तो येथे बसत नाही.

खरेदी करताना वॅटपेक्षा पिनकडे अधिक लक्ष द्यावे. डेलच्या गोल पिना जुन्या ७.४ मिलिमीटरच्या आणि नव्या ४.५ मिलिमीटरच्या अशा दोन मापांच्या आहेत, आणि ९० वॅटचा अडॅप्टर दोन्हींत मिळतो. मधल्या बारीक पिनेतून अडॅप्टर आपली ओळख लॅपटॉपला कळवतो. ही ओळख पटली नाही तर सुरू होताना पडद्यावर तशी सूचना येते, प्रोसेसर मंदावतो आणि बॅटरी चार्ज होणे थांबू शकते. स्वस्त नकली अडॅप्टरांचे पितळ बहुधा येथेच उघडे पडते. ओळख पटली की नाही हे लॅपटॉप सुरू होताना एफ२ दाबून उघडणाऱ्या बायॉसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, पाहता येते; माझ्या यंत्राने ‘९० वॅट’ अशी स्वच्छ नोंद दाखवली. अडॅप्टरवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हेही दुकानातच पाहून घ्यावे.

यूएसबी-सीने चार्ज होणाऱ्या लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे व्होल्टेज दोन्ही बाजू आपसात ठरवून घेतात, पण साध्या केबलमधून ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटच मिळतात; १०० वॅटचा चार्जर घेणाऱ्याने ५ अँपिअरची केबलही घ्यायला हवी.

९० वॅटच्या या अडॅप्टरचा खरा दोष म्हणजे त्याचे वजन. तो ६५ वॅटच्या भावंडापेक्षा जाडही आहे आणि रोज पाठीवर वाहून नेण्याजोगा नाही. किंमतही जास्त पडते. ज्यांचे काम ब्राउझर आणि वर्डपुरते आहे, त्यांनी हा खर्च करू नये. टेबलावर जड काम करणाऱ्यांनी जरूर घ्यावा आणि ६५ वॅटचा अडॅप्टर बॅगेत राहू द्यावा.