सुट्टीची वाटणी करून देणाऱ्या मीडिएशनवाल्या (दोघांत मध्यस्थी करणाऱ्या) मॅडम: 4 स्टार, एक कापलाय

आधीच सांगतो, नाव लिहिणार नाही, घरचा विषय आहे. पण नवरा-बायको वेगळे झालेत आणि आता लेकराच्या सुट्टीवरनं भांडायलेत असे माझ्यासारखे लै जण असतील म्हणून टाकतोय. मी लातूरकडचा, लेक 9 वर्षांची, ती आईकडं संभाजीनगरला असते.

पहिल्या वकीलसाहेबानं 13 ब च्या, म्हणजे दोघांच्या संमतीनं घटस्फोटाच्या, कागदात सुट्टीची एकच ओळ टाकली होती, उन्हाळी व दिवाळी सुट्टी दोघांत निम्मी निम्मी. ऐकायला भारी वाटतं. पण निम्मी म्हणजे कोणती निम्मी? मी म्हणायचो शेवटचा पेपर झाला की सुट्टी लागली, तिची आई म्हणायची शाळेच्या कॅलेंडरवर छापलंय तिथून. मागच्या मे मध्ये ह्याच्यावरनं आठ दिवस नुसते फोन चालू, आणि कोर्टात जावं म्हणलं तर मे मध्ये कोर्टालाबी उन्हाळ्याची सुट्टी, अर्जंट काही असंल तरच घेतात. वकील म्हणला साहेब लेकीला आंबे खायला न्यायचंय हे अर्जंट धरत नसतेत. फी घेताना मात्र सगळं अर्जंट होतं त्याचं.

मग एका नातेवाईकानं ह्या मॅडमचं सांगितलं. दोघांकडनं चार-चार हजार घेतले, तीन बैठका झाल्या. त्यात तिच्या आईचा वकील विधी सेवा प्राधिकरणाकडचा, फुकट, कारण 1987 च्या कायद्यात बाईला उत्पन्नाची अटच नाही. मला हे उशिरा कळलं, थोडं पोटात दुखलं, असो.

पहिल्या बैठकीत मॅडमनी कायदा वगैरे काही काढला नाही, भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं, शेजारी शाळेचं कॅलेंडर, आणि आम्हा दोघांच्या हातात एकेक पेन दिला, माझा निळा तिचा लाल. म्हणल्या ज्या दिवशी लेक तुमच्याकडं पाहिजे तिथं टिक करा, बोलू नका. मी पूर्ण मे निळा केला. तिनं जूनचा पहिला आठवडा लाल केला, म्हणली युनिफॉर्म, वह्या, कव्हरं कोण घालणार, तुम्ही? मला उत्तरच आलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. सुट्टी म्हणजे शाळेच्या कॅलेंडरवर छापलेली, पेपरवर नाही. सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी 10 ला लेक माझ्याकडं, शाळा उघडायच्या 8 दिवस आधी संध्याकाळी 5 पर्यंत परत, पण मधी 5 दिवस आईकडं कारण सलग महिना लेकीला जड जातो. द्यायची-घ्यायची जागा बीडचं बसस्टँड, दोघांनाबी मध्यावर पडतंय. दिवाळी वर्षाआड, सम सालात माझ्याकडं, विषम सालात आईकडं, मात्र भाऊबीज कायम आईकडं कारण मामा वाट बघतो. हे शेवटचं मला पटलं नव्हतं, माझ्या भावाची दोन पोरंबी तिची वाट बघतेत की, पण सोडून दिलं.

मॅडमनी एक गोष्ट बजावली, ती कामाची आहे. आपसात सह्या केलेला कागद घरात ठेवून उपयोग नाही, तडजोड पुरसीस, म्हणजे काय ठरलं ते दोघांच्या सहीनं कोर्टाला लिहून द्यायचा कागद, करून कोर्टात दाखल करायची आणि त्यावर ऑर्डर घ्यायची, नाहीतर उद्या एकानं नाही म्हणलं की संपलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्ये घटस्फोट झाल्यावरबी लेकराबद्दलची व्यवस्था बदलून घेता येते, आम्ही त्यातच अर्ज टाकला, आणि मार्चमध्येच टाकला.

आता स्टार का कापला. एक तर व्हिडिओ कॉल. सुप्रीम कोर्टानं 2020 च्या एका निकालात सांगितलंय की ज्याच्याकडं ताबा नाही त्यालाबी लेकराशी फोनवर, व्हिडिओवर बोलता आलं पाहिजे, म्हणून आमच्या कागदात "रोज एक कॉल" आलं पण वेळ लिहायचीच राहिली. मी दुकान बंद करून साडेनऊला लावतो तवा पोरगी झोपलेली, आणि परत दुरुस्तीला मॅडमनी हजार रुपये सांगितले. दुसरं म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडं तिला येळवस म्हणतेत, शेतात जाऊन जेवायचा सण. मॅडम जालन्याकडच्या, मला म्हणल्या ही काय शाळेची सुट्टी असते का. अहो लातूर-धाराशिवला कलेक्टर सुट्टी देतात, सगळी गावं रिकामी होऊन शेतात जातेत, संभाजीनगरला त्या दिवशी शाळा चालू. तिची आई ते ऐकून हसली, कारण लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला भज्जी आणि आंबील तिनंच डोक्यावर धरून शेतात नेली होती. म्हणली लिहा मॅडम, एक दिवस शाळा बुडू द्या, आदल्या रात्री नेऊ द्या. वकील नसल्यावर माणूस कधी कधी असा वागतो.

ह्या मे मध्ये बीड स्टँडवर दिलं-घेतलं, भांडण नाही, लेकीनं हाफ तिकीट स्वतः मागितलं कंडक्टरला. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, म्हाताऱ्या आई-वडिलांना सोबत नेऊ नका, तसंबी मॅडम त्यांना आत घेत नाहीत. शनिवारी गर्दी असते, फोन करून जा.