लेबलवर ९९००, आत ५२०

१८६५० चे, म्हणजे पुन्हा चार्ज होणारे लिथियम बॅटरी सेल ऑनलाइन घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. माझे पावणेसहाशे रुपये गेले, त्याचं एवढं काही नाही. पण दीड महिना मी स्वतःच्याच सर्किटला शिव्या घालत बसलो, तो राग अजून गेलेला नाही.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या जवळ. विहीर खाली वाडीत, पाण्याची टाकी घरामागच्या चढावर. पंप लावायचा आणि टाकी ओसंडून पाणी पायऱ्यांवरून वाहायला लागलं की आईने ओरडायचं, हे आमचं वर्षानुवर्षांचं ऑटोमेशन. म्हणून टाकीवर सेन्सर बसवला. ईएसपी८२६६ चा, म्हणजे वायफाय असलेला छोटा बोर्ड, दर पंधरा मिनिटांनी जागा होतो, पाण्याची पातळी आणि बॅटरीचं व्होल्टेज घरात पाठवतो आणि पुन्हा झोपतो. वायर वरपर्यंत ओढली तर वानरं ठेवत नाहीत. सोलर लावावं तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन दिसेल त्या दिवशी सण. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, दिवसच्या दिवस वीज नव्हती तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच : टाकीवरची बॅटरी अशी हवी की वर्षभर तिच्याकडे बघायला नको.

हिशेब सोपा होता. जागं व्हायचं दिवसातून ९६ वेळा, प्रत्येक वेळी पाचेक सेकंद, साधारण ८० मिलिअँपिअर. त्यात झोपेतला खर्च धरला तरी दिवसाला १५ एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) पुरे. ९९०० एमएएचचा सेल म्हणजे दीड वर्षाच्या वर! जाहिरातीत चार सेल ७६० रुपयांना होते. घेतले.

इथेच मी शहाणा असतो तर थांबलो असतो. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब नळकांडं. एवढ्या डबीत चांगल्या कंपन्यांचे सेलसुद्धा ३५०० एमएएचच्या आसपास जाऊन थांबतात. ९९०० म्हणजे पावशेराच्या मापात पाऊण किलो तांदूळ. पण चाळीस रिव्ह्यू होते, सगळे पाच ताऱ्यांचे, आणि मला घाई होती.

पार्सल आल्यावर मीटर लावला : ४.१ व्होल्ट. खूश. चार्जरवर लावला, एक अँपिअरचं साधं मॉड्यूल, आणि पाऊण तासात निळा दिवा लागला. मी आईला म्हटलंसुद्धा, "बघ, काय झकास सेल आहे, किती पटकन भरतो!" सांगायला लाज वाटते. एक अँपिअरने ९९०० एमएएच भरायला दहा तास लागतात. घडा पटकन भरला तर तो लहान आहे, हे पाणी भरणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला कळू नये?

अठ्ठाविसाव्या दिवशी सेन्सर गप्प झाला. ग्राफ बघितला तर व्होल्टेज ४.१ वरून रोज थोडं थोडं उतरत ३.६ पर्यंत आलेलं आणि तिथून दोन दिवसांत कडेलोट. परत करायची मुदत दहा दिवसांची, ती केव्हाच संपलेली.

विक्रेत्याला ग्राफ पाठवला. त्याचं उत्तर तयारच होतं. "सर, ईएसपीचं रीडिंग बरोबर नसतं. तुमचं सर्किट बॅटरी खातंय. सेल नवीन असताना मीटरवर चेक केलात ना? ४.१ दाखवलं ना?" दाखवलं होतं. हीच त्याची सगळी मखलाशी. कळशी काठोकाठ भरली काय नि हंडा काठोकाठ भरला काय, वरून दोन्ही भरलेलेच दिसतात. व्होल्टेज म्हणजे ती वरची पातळी. आत किती मावतं, ते मीटर सांगत नाही.

पण तेव्हा मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण त्याच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं. या बोर्डाच्या अॅनालॉग पिनला, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या पिनला, आतच २२० आणि १०० किलोओहमच्या रेझिस्टरची जोडी असते, त्यामुळे ती ३.२ व्होल्टपर्यंतच मोजते. मी बाहेरून आणखी १०० किलोओहम जोडला होता, म्हणजे पिनचा सर्वांत मोठा आकडा, १०२३, आला की ४.२ व्होल्ट. रेझिस्टर पाच टक्के इकडेतिकडे असणारे, तेव्हा फरक पडणारच. वायफाय चालू असताना रीडिंग नाचतं, तेही खरं. मग मी वायफाय सुरू व्हायच्या आधी सोळा रीडिंग घेऊन सरासरी काढायला लागलो, मीटरशी ताडून गुणक बदलला. आता दोन आकड्यांत ०.०२ चा फरक राहिला. वाटलं, हे रेझिस्टरच बॅटरी पीत असतील. ४२० किलोओहममधून १० मायक्रोअँपिअर जातो, दिवसाला पाव एमएएचसुद्धा नाही. मग खाऱ्या हवेवर संशय. होल्डरच्या पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या, त्या घासून काढल्या, ग्रीस लावलं. दुसरा सेल घातला. तोही महिन्याच्या आत गेला.

शेवटी सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. टाकी बाजूला ठेवली. पूर्ण भरलेला तिसरा सेल १० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरला जोडला आणि तोच बोर्ड यूएसबीवर चालवून दर दहा सेकंदांनी व्होल्टेज मोजत बसलो. व्होल्टेज भागिले दहा म्हणजे करंट, त्याची बेरीज करत जायचं, ३ व्होल्टला थांबायचं. लेबल खरं असतं तर सव्वीस तास चाललं असतं. मी रात्रीचा गजर लावून ठेवला होता. चहा होऊन आईची टीव्हीवरची मालिका संपली, तेव्हा सेलही संपला. एक तास पंचवीस मिनिटं. ५२० एमएएच.

"रीडिंग बरोबर नसतं" याला उत्तर म्हणून जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला, सहा वर्षं वापरलेला सेल त्याच रेझिस्टरला, त्याच बोर्डाला लावला. पाच तास चालला, १९०० च्या आसपास भरला. म्हणजे मोजमाप ठीक होतं. खोटं लेबलच होतं.

दुसऱ्या दिवशी दापोलीत सोनाराकडे काम होतं, दोन्ही सेल खिशात नेले. त्याने आधी माझ्याकडे विचित्र बघितलं, मग तराजूवर ठेवले. लॅपटॉपचा ४५ ग्रॅम, माझा नवा २९. "भाऊ, हा पोकळ आहे," तो म्हणाला. तराजूवर पाच सेकंदांत कळण्यासारखी गोष्ट मी दीड महिना कोडमध्ये शोधत होतो. शेजारचा वायरमन करवतीने कापून बघूया म्हणत मागे लागला होता, मी हात लावू दिला नाही. लिथियमचा सेल कापला की पेटू शकतो. तुम्हीही कापू नका, वजन पुरेसं आहे.

चाचणीचा आकडा आणि तराजूवरचे फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने "सर, बघतो" लिहिलं आणि नंबर ब्लॉक केला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली. बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि लेबलचा फोटो हाताशी होता म्हणून बरं. स्क्रीनशॉट खरेदी करतानाच घ्या, नंतर जाहिरातीतला आकडा बदलतो. माझ्या बाबतीत तो बदललाच. वेबसाइटने न वापरलेल्या एका सेलचे, म्हणजे १९० रुपये परत केले. बाकीच्यांचं "वापरामुळे झीज" म्हणून मिटवलं.

आता टाकीवर २६०० एमएएच लिहिलेला, माहितीच्या दुकानातून घेतलेला सेल आहे. बसवण्याआधी रेझिस्टरवर लावला, २५१० भरला. दुकानदाराने विचारलं, एवढं काय तपासताय. मी त्याला सोनाराची गोष्ट सांगितली.